बदकं उडवून लावू नका, तपासा

इंदूरचे तलाव, वन्य पक्षी आणि पाळीव जनावरांचं आरोग्य ज्यांच्या अखत्यारीत येतं त्या सर्व अधिकाऱ्यांना खुले पत्र

माननीय महोदय आणि महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी हातोदच्या बाजूला अंड्याच्या कोंबड्यांची शेड चालवते. आमच्या बांधावर उभं राहिलं की यशवंतसागर जलाशयाचा एक तुकडा दिसतो आणि दिवाळीपासून होळीपर्यंत त्यावर रानबदकं असतात. माझं सासर होळकरांच्या काळापासून इंदूरचं. रामबागेतलं घर अजून आहे, पण घर चालतं ते या शेडवर. बर्ड फ्लूची बातमी आली की ज्यांची रात्रीची झोप जाते त्यांतली मी एक.

गेल्या हिवाळ्याच्या शेवटी आमच्या भागातल्या कोंबडीपालकांना तोंडी सांगण्यात आलं की शेडजवळच्या पाण्यावर बदकं टिकू देऊ नका, फटाके लावा, डबे वाजवा. यंदा बदकं यायच्या आधीच तोच निरोप पुन्हा फिरतो आहे. कागदावर काही नाही, सही कोणाची नाही. पण गावात तो हुकूम म्हणूनच पोचला आहे आणि काहींनी फटाक्यांची खरेदीही करून ठेवली आहे. मला हे मान्य नाही. का नाही, ते आपल्याला सांगायचं आहे आणि माझ्यासारख्या इतर कोंबडीपालकांच्याही कानावर जावं म्हणून उघडपणे सांगते आहे.

फटाका वाजला की बदकांचा थवा उठतो, दोन-तीन घिरट्या घालतो आणि जवळच्या दुसऱ्या पाण्यावर उतरतो. हे दुसरं पाणी म्हणजे कोणाचं शेततळं, जुनी खदान, नाल्यातलं डबकं, कधी शेडमागचा उघडा हौद. मोठ्या जलाशयाच्या मध्यावर असलेली बदकं आमच्या कोंबड्यांपासून लांब होती. फटाक्याने आपण ती दहा छोट्या पाण्यांवर पसरवतो आणि ही छोटी पाणी आमच्या शेडना खेटून आहेत. त्या बदकांत विषाणू असेल तर तो त्यांच्या विष्ठेतून या प्रत्येक पाण्यात उतरणार. ज्या उपायाने धोका घराजवळ येतो तो उपाय आपल्या नावाने सांगितला जातो आहे. तो आपण सांगितला नसेल तर तसं जाहीर करा आणि सांगितला असेल तर मागे घ्या.

आता विषाणूबद्दल. आमच्याकडे लसीकरणाला येणारे डॉक्टर महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले आहेत. त्यांच्याकडून आणि पुढे स्वतः वाचून मला जे समजलं ते इथे लिहिते, कारण गावच्या बैठकांत ‘बर्ड फ्लू’ हा एकच शब्द बोलला जातो आणि सगळे निर्णय त्या एका शब्दावर होतात.

बर्ड फ्लू ज्या इन्फ्लुएन्झा ए विषाणूमुळे होतो त्याच्या पृष्ठभागावर दोन प्रथिनं असतात. एकाच्या मदतीने तो पेशीत शिरतो, ते ‘एच’. दुसऱ्याच्या मदतीने नवे विषाणू पेशीतून सुटून बाहेर पडतात, ते ‘एन’. पक्ष्यांत एचचे १६ आणि एनचे ९ प्रकार पूर्वीपासून माहीत आहेत. एच५एन१, एच५एन८, एच९एन२ ही नावं या जोड्यांवरून पडली. बहुतेक सगळ्या प्रकारांचं मूळ घर पाणपक्ष्यांत आहे. एच१३ आणि एच१६ मुख्यतः कुरव पक्ष्यांत सापडतात, बाकीच्यांपैकी बरेचसे रानबदकांत. आणि आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही, की बदकांत हा विषाणू बहुधा आतड्यात वाढतो आणि बदक आजारी पडत नाही. ते पोहतं, चरतं, हजारो किलोमीटर उडतं आणि त्याच्या विष्ठेतून विषाणू पाण्यात पडत राहतो. पाणी थंड असेल तर तो तिथे आठवडेच्या आठवडे टिकतो, ऊन वाढलं की लवकर मरतो. आमच्या धोक्याचा काळ थंडीचा असतो तो यामुळेही.

यांतले बहुतेक प्रकार कोंबडीलाही फारसं काही करत नाहीत. घात करतात ते एच५ आणि एच७, आणि तेही प्रत्येक वेळी नाही. रानबदकातला साधा, सौम्य एच५ किंवा एच७ शेडमध्ये शिरला आणि हजारो कोंबड्यांतून फिरला की त्याच्या एच प्रथिनात बदल होऊ शकतो. एरवी हे प्रथिन विषाणूला उपयोगी पडावं म्हणून ते कापावं लागतं आणि कापणारी विकरं (एन्झाइम) श्वासनलिका आणि आतडं एवढ्याच ठिकाणी असतात, म्हणून विषाणू तिथेच राहतो. बदल झाला की ते शरीरातल्या कुठल्याही पेशीत कापलं जातं. मग मेंदू, हृदय, यकृत काही सुटत नाही. काल संध्याकाळी ट्रे भरून अंडी देणारी शेड दोन-चार दिवसांत रिकामी होते. १९८३ साली अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात एच५एन२ वसंतात सौम्य होता, शरद ऋतूत तोच जहाल झाला आणि तो आटोक्यात आणायला सुमारे १ कोटी ७० लाख पक्षी मारावे लागले.

नेदरलँड्सचं उदाहरण मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं. तिथले शास्त्रज्ञ रानबदकं नियमित तपासत होते. २००० साली त्यांना मॅलार्ड जातीच्या धडधाकट बदकांत एच७ सापडला. २००३ मध्ये तिथल्या कोंबड्यांत एच७एन७ची जहाल साथ आली, जवळपास ३ कोटी पक्षी गेले, ८९ माणसांना लागण झाल्याचं सिद्ध झालं आणि एका पशुवैद्याचा जीव गेला. साथीच्या विषाणूचं एच प्रथिन तीन वर्षांपूर्वी बदकांत सापडलेल्या एच७चं जवळचं नातेवाईक निघालं. साथ थांबली नाही हे खरं. पण आलेला शत्रू कोण, कुठून आला आणि त्यावर चाचणी आणि लस कशी करायची याची सामग्री त्यांच्या फ्रीजरमध्ये आधीपासून होती, कारण कोणीतरी न मेलेल्या बदकांचे नमुने घेत होतं.

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात १९७६पासून उन्हाळ्यात बदकं तपासली जात आली आहेत. स्वीडनच्या ओलांड बेटावर ओटेनबी इथे २००२पासून मॅलार्ड पिंजऱ्यात घेऊन, पायात कडी घालून, नमुना घेऊन सोडली जातात. तिथे एच३, एच४, एच६ असे प्रकार वारंवार सापडतात आणि त्याने कोणी घाबरत नाही. वर्षानुवर्षं पाहिल्यामुळे नेहमीचं काय आणि नवीन काय हे त्यांना ओळखता येतं. आपल्याकडेही हे काम अजिबात झालेलं नाही असं नाही. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी वन्य पाणपक्ष्यात मिळालेला एच११एन१ बारकाईने अभ्यासून २०१०मध्ये प्रसिद्ध केला आणि त्यात युरेशिया आणि अमेरिका दोन्हीकडच्या विषाणूंची जनुकं एकत्र आलेली दिसली. म्हणजे माणसं आहेत, ज्ञान आहे. आणि देशातली या रोगाची सगळ्यात मोठी प्रयोगशाळा, राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था, आपल्या शेजारी भोपाळला आहे. सकाळी इंदूरहून निघालेला नमुना दुपारच्या आत तिथे पोचतो. दुसऱ्या राज्यांतून नमुने विमानाने भोपाळला येतात. आपल्याला रस्त्याने चार तासही लागत नाहीत.

तरी सिरपूर आणि यशवंतसागरवरच्या जिवंत बदकांत कोणते प्रकार आढळले, कधी तपासले, किती तपासले, याचा एकही फलक मी या दोन्ही तलावांवर पाहिलेला नाही. आमच्या कोंबडीपालकांच्या बैठकीत कोणी हे कधी सांगितलेलं नाही. माझी पहिली तक्रार हीच आहे.

२०२०च्या डिसेंबरात डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडले, ते इंदूरमध्ये सगळ्यांना आठवतं. तपासणीत एच५एन८ निघाला. त्याच हिवाळ्यात हिमाचलच्या पोंग धरणावर हजारो स्थलांतरित पक्षी मेले, त्यांत पट्टेरी राजहंस सगळ्यात जास्त, आणि तिथे निघाला एच५एन१. केरळात आलप्पुळा-कोट्टायमच्या पाळीव बदकांत एच५एन८ होता. इथे मात्र गल्लोगल्ली एकच वाक्य फिरलं, “बाहेरून आलेल्या पक्ष्यांनी आणला.” हिमाचलच्या राजहंसांत एक विषाणू आणि आमच्या कावळ्यांत दुसरा, हे साधं तथ्य त्या वेळी समजावून सांगणारं अधिकृत माणूस आम्हाला दिसलं नाही. आपल्या तलावांवरच्या बदकांत त्या हिवाळ्यात काय होतं हे लोकांसमोर आलं असतं, तर त्यांच्यावरचा आरोप सिद्ध तरी झाला असता किंवा ती त्यातून सुटली तरी असती. दोन्ही झालं नाही. कोंबडी कोणी खाईना, अंड्यांचा भाव पडला, खाद्याची उधारी चढत गेली. आमच्या शेडमध्ये एकही पक्षी आजारी नव्हता.

२००६ साली नवापूरला देशातली पहिली साथ आली तेव्हापासून आमच्या धंद्याने हा अनुभव पुन्हा पुन्हा घेतला आहे. रोग येतो एका तालुक्यात आणि पैसा बुडतो अर्ध्या देशाचा.

दुसरी तक्रार माझ्या डोळ्यांसमोर घडलेली आहे. गेल्या फेब्रुवारीत शेड आणि नाल्याच्या मधल्या गवतात एक भुवई बदक मेलेलं सापडलं. नर होता. डोळ्यावरून मानेकडे गेलेली पांढरी भुवई ओल्या पिसांतही स्पष्ट दिसत होती, पंखाचा निळसर राखाडी भाग उघडा पडला होता, चोचीला चिकट पाणी होतं. आमच्याकडे काम करणारा मुलगा लांबूनच ओरडला, “भाभी, इसको हाथ मत लगाना.” कुत्री येऊ नयेत म्हणून आम्ही त्यावर जुनं लोखंडी घमेलं उपडं घातलं, वर दगड ठेवला, भोवती चुना टाकला आणि मी फोन करायला बसले.

एका कार्यालयाने सांगितलं की रानपक्षी त्यांच्याकडे येत नाहीत. दुसऱ्याने विचारलं, किती मेले आहेत? एक आहे म्हटल्यावर, जास्त झाले तर कळवा असं उत्तर मिळालं. तिसऱ्याने हद्द विचारली आणि ती आमची नाही असं सांगितलं. शेवटी दुसऱ्या दिवशी दुपारी एक माणूस आला. त्याने हातमोजे घातले होते, एवढं मी त्याच्या बाजूने नक्की सांगेन. पण बर्फाचा डबा नव्हता. बदक किराणा दुकानाच्या पिशवीत गेलं, मोटरसायकलच्या हँडलला अडकवून. पावती मागितली तर ती मिळत नाही म्हणाला. निकाल कुठे कळेल विचारलं तर काही निघालं तर आपोआप कळेल म्हणाला.

अजून काही कळलेलं नाही. काही निघालं नाही म्हणून की नमुना तपासलाच नाही म्हणून, हे मला समजायला कोणताही मार्ग नाही. फेब्रुवारीच्या उन्हात दीड दिवस पडून राहिलेल्या पक्ष्यात विषाणू असला तरी तो सापडण्याची शक्यता घटत जाते, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्या रात्री मी शेडच्या दारातल्या चुन्याच्या टबात दहादा पाणी बदललं, कामाच्या मुलाचे कपडे वेगळे धुवायला लावले आणि पुढचे पंधरा दिवस रोज सकाळी मरतूक मोजायला जाताना पाय जड झाले. नेहमीपेक्षा एक कोंबडी जास्त मेलेली दिसली तर मन थेट तिथेच जाई, आणि अशा वेळी सोबतीला फक्त डॉक्टरांचा फोन नंबर होता.

मेलेल्या पक्ष्याची वाट पाहण्यातली अडचण इथेच आहे. बदकं या विषाणूने सहसा मरत नाहीत असं वर लिहिलं. मग मेलेलं बदक सापडेपर्यंत थांबणं म्हणजे बहुतेक विषाणूंकडे आपण पाहणारच नाही असं ठरवणं. आणि मेलेलं सापडलं, तर तेही तीन कार्यालयांच्या मध्ये पडून राहतं.

तपासणी फार खर्चाची आणि अवघड आहे असं एका बैठकीत मला ऐकवलं गेलं. बदक पकडायचं तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, जाळी लागते, शिकलेली माणसं लागतात, हे कबूल. पण पहाटे एकाच जातीचा थवा काठावर विसावतो, तो उठला की मागे ओली विष्ठा राहते. ती कापसाच्या काडीवर घेऊन विषाणू टिकवणाऱ्या द्रवाच्या नळीत टाकायची, नळी बर्फाच्या डब्यात, नळीवर तारीख, जागा आणि बदकाची जात. थवा तलवार बदकांचा होता की थापट्यांचा की चक्रवाकांचा, हे इथली पक्षी पाहणारी पोरं दुर्बिणीतून क्षणात सांगतात. विष्ठेवरून तपासणीला मर्यादा आहेत, पकडलेल्या पक्ष्याचा नमुना केव्हाही चांगला. पण काहीच न करण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं आहे. आणखी एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. उत्तरेकडे जन्मलेल्या कोवळ्या बदकांत शरदाच्या सुरुवातीला विषाणू सगळ्यात जास्त असतो. आपल्याकडे पोचेपर्यंत आणि हिवाळा सरत जाताना तो पुष्कळ कमी झालेला असतो. त्यामुळे पाच-पंचवीस नमुने घेतले आणि कोरे निघाले म्हणून काम संपवता येणार नाही. बदकं उतरायला लागल्यापासून, दर महिन्याला, भरपूर नमुने, आणि वर्षामागून वर्ष. कोऱ्या निकालालाही किंमत आहे. तो जाहीर झाला असता तर २०२१च्या जानेवारीत आमची अंडी विकली गेली असती.

तिसरी तक्रार भरपाईच्या नियमाबद्दल आहे. रोग पसरू नये म्हणून सरकार जे पक्षी मारतं त्यांची भरपाई मिळते, केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा खर्च उचलतात. रोगाने आधीच मेलेल्या पक्ष्याची भरपाई नाही. जहाल प्रकाराविरुद्ध लस आपल्या देशात देत नाहीत, धोरण शोधा आणि नष्ट करा असं आहे, आणि मी त्या धोरणाविरुद्ध बोलत नाही. पण त्याचा अर्थ असा होतो की जो कोंबडीपालक लवकर कळवेल त्याच्या हातात काहीतरी पडेल आणि ज्याला उशिरा कळेल तो बुडेल. मग लवकर कळण्याची सोय करणं ही सरकारचीच जबाबदारी ठरते. बाधित जागेपासून एक किलोमीटरच्या आतला सगळा पक्षी नष्ट होतो, दहा किलोमीटरपर्यंत पाळत बसते. त्या एक किलोमीटरमध्ये दहा-वीस गावरान कोंबड्या पाळणाऱ्या बायकाही येतात. त्यांची अंडी विकून पोरांची फी भरली जाते. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबद्दलच्या २००९च्या कायद्याने रोगाचा संशय आला तर कळवणं जनावराच्या मालकावर बंधनकारक केलं आहे. कळवणाऱ्याला निदान उत्तर मिळावं, एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नसावी.

चौथी गोष्ट कचऱ्याची. इंदूरने २०१७पासून सलग सात वेळा स्वच्छतेत देशात पहिला क्रमांक आणला, ओला-सुका कचरा घराघरातून वेगळा उचलून दाखवला, त्याचा मला इंदूरकर म्हणून मनापासून अभिमान आहे. पण शहराबाहेर, जलाशयाकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेला, चिकनच्या दुकानांतली पिसं आणि आतडी अजून रात्री टाकली जातात. त्यावर कावळे, घारी, कुत्री येतात. तेच कावळे पाण्यावर बदकांशेजारी उतरतात आणि तेच शेडच्या पत्र्यावर बसतात. बदक आणि कोंबडी यांच्यातला पूल बहुतेक वेळा असा बनतो, किंवा माणसाच्या चपलेने, अंड्यांच्या ट्रेने, खाद्याच्या गाडीच्या चाकाने. २०२४च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ने गेले. छिंदवाड्यात मांजरांत तो सापडला. छिंदवाडा आपल्याच राज्यात आहे. अशा वेळी फटाक्यांवर खर्च होणारा पैसा आणि वेळ या कचऱ्यावर लावला तर जास्त उपयोग होईल.

सिरपूर आणि यशवंतसागर २०२२मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेले. २०२५च्या जानेवारीत इंदूरला उदयपूरबरोबर रामसरचं पाणथळ शहर म्हणून मान्यता मिळाली, देशात पहिल्यांदाच. यशवंतसागरच्या काठावर सारसांची जोडी नाचताना माझ्या मुलीने पाहिली आहे आणि ती शाळेत सगळ्यांना सांगत सुटली होती. ही पाखरं इथे उतरतात म्हणून ही मान्यता मिळाली. त्यांना फटाक्यांनी हुसकावणं त्या मान्यतेत बसत नाही.

आता मागण्या.

बदकं फटाक्यांनी, डब्यांनी किंवा अन्य प्रकारे उठवू नयेत असा लेखी आदेश ग्रामपंचायतींपर्यंत पोचवावा, मराठी-हिंदी-मालवी ज्या भाषेत लोकांना समजेल त्या भाषेत बोलून सांगावा. तो दसऱ्यापूर्वी निघाला पाहिजे, नंतर निघून उपयोग नाही.

सिरपूर आणि यशवंतसागरवर ऑक्टोबर ते मार्च दर महिन्याला जिवंत बदकांच्या विष्ठेचे आणि पाण्याचे नमुने घ्यावेत, शक्य तिथे परवानगीने पकडलेल्या बदकांचेही घ्यावेत आणि भोपाळला पाठवावेत. फक्त एच५-एच७ आहे की नाही एवढ्यावर न थांबता, विषाणू सापडला तर त्याचा पूर्ण प्रकार ठरवावा आणि कोणत्या जातीच्या बदकात तो मिळाला हेही नोंदवावं.

निकाल लोकांसमोर ठेवावेत. तलावाच्या फाटकावर फलक, वर्तमानपत्रात चार ओळी, कोंबडीपालकांना मोबाइलवर संदेश. काही न सापडल्याचा निकालही याच पद्धतीने. एच४एन६सारखं काही सापडलं तर सोबत हेही लिहावं की यापासून घाबरण्याचं कारण नाही आणि ७० अंशांवर नीट शिजवलेलं मांस आणि अंडं सुरक्षित आहे. माहिती मिळाली की लोक घाबरतील, ही काळजी मी अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे. माझा अनुभव उलट आहे. लोक माहिती नसल्यामुळे घाबरले आणि त्या भीतीची किंमत आम्ही मोजली.

मेलेल्या रानपक्ष्यासाठी संपूर्ण जिल्ह्याला एकच फोन नंबर असावा. हद्द कोणाची आणि पक्षी कोणाचा हे आपण आपसांत ठरवा. येणाऱ्या माणसाजवळ बर्फाचा डबा असावा, तो पावती देऊन जावा आणि निकाल कळवणाऱ्याला कळवला जावा.

शेडना जाळ्या लावायला, हौद झाकायला आणि बोअरच्या पाण्याला क्लोरिन द्यायला लहान कोंबडीपालकांना मदत द्यावी. मोठ्या कंपन्या हे करू शकतात, आमच्या शेजारणीच्या पंधरा कोंबड्या करू शकत नाहीत. तिला फक्त एवढं कोणीतरी येऊन सांगायला हवं की नाल्याचं पाणी कोंबड्यांना पाजू नको आणि बदकं बसलेल्या काठावर त्यांना चरायला सोडू नको. जलाशयांच्या रस्त्यांवरचा मांसाचा कचरा उचलला जावा आणि टाकणाऱ्याला दंड व्हावा.

या पत्राचं उत्तर लेखी आणि जाहीर मिळावं ही विनंती. नमुने गोळा करायला मनुष्यबळ कमी असेल तर आमच्या भागातले काही कोंबडीपालक आणि दर रविवारी सिरपूरवर पक्षी मोजायला जाणारी कॉलेजची मुलं पहाटे यायला तयार आहेत, त्यांच्याशी माझं बोलणं झालं आहे. मास्क, हातमोजे, नळ्या आणि शिकवणारा एक प्रशिक्षित माणूस आपण द्यावा. बर्फाचा डबा आमच्याकडे लसींसाठी असतो, तो आम्ही आणू.

आपली नम्र,
यशवंतसागरच्या काठची एक अंडी उत्पादक
हातोद परिसर, जिल्हा इंदूर